‘चालेल’ म्हणण्याआधी

जुनी पिकअप घ्यायला आलेला माणूस आधी बॉनेट उघडतो. इंजिन रेस करून बघतो, धुराचा रंग बघतो, हौद्याचा पत्रा कुठे सडलाय का ते बोटांनी ठोकून बघतो. सीटवर बसून हॉर्नसुद्धा वाजवतो. मग माझ्याकडे वळून विचारतो, “मिस्त्री, चालेल ना?” मी तेव्हा पुढच्या डाव्या चाकाशी उकिडवा बसलेला असतो आणि चाक अजून जमिनीवरच असतं. म्हणजे खरं तर मी अजून काहीच बघितलेलं नसतं.

विश्रांतवाडीत, आळंदी रस्त्यापासून जरा आत माझं गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, एक खड्डा, दोन जॅक, रीमरचा संच आणि ग्रीसची बादली. इंजिन, गिअरबॉक्स मी घेत नाही. मी फक्त ‘पुढचं काम’ करतो. किंगपिन, बुश, बॉल जॉइंट, टायरॉड, पाटे, हबचे बेअरिंग. फुलेनगरचं आरटीओ कार्यालय जवळ असल्यामुळे पासिंगच्या आधी गाड्या येतात. मालवाहू गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दोन वर्षांनी पासिंग, त्यानंतर दरवर्षी. आठ वर्षं झाली की बरेच मालक गाडी विकायला काढतात, आणि ती घेणारे माझ्याकडे येतात. त्यामुळे एकीकडे गाडीचा जुना मालक, दुसरीकडे नवा, आणि मधे मी, असं माझं आयुष्य चाललंय.

औंधच्या आयटीआयमधून बाहेर पडलो आणि ज्यांच्या हाताखाली लागलो त्या उस्तादांनी पहिले सहा महिने मला फक्त ग्रीस मारायला लावलं. तेव्हा राग यायचा. ग्रीस गन निपलला लावायची आणि दांडी दाबायची, यात शिकायचं काय? एके दिवशी त्यांनी मला हाताला धरून खाली बसवलं. म्हणाले, “गाडी जमिनीवर असताना किंगपिनला ग्रीस मारतोस. गाडीचा सगळा भार ज्या बाजूला दाबून बसलाय, तिथे ग्रीस शिरेल कसं? ते मोकळ्या बाजूने बाहेर येणार आणि तुला वाटणार, झालं काम.” मग त्यांनी अ‍ॅक्सल जॅकवर घेतला, चाक डावी-उजवीकडे फिरवत ठेवलं आणि मला दांडी दाबायला सांगितली. आधी काळं ग्रीस आलं, मग गंजाच्या रंगाचं पाणी, आणि बऱ्याच वेळाने नवं, स्वच्छ ग्रीस. “ते लाल पाणी बघितलंस? त्या पिनला कित्येक महिने ग्रीस पोचलंच नव्हतं. पण मालकाला विचार, तो सांगेल दर महिन्याला मारतो. खोटं नाही बोलत तो.”

काम केलं हे खरं आणि काम झालं हे खोटं, असं एकाच वेळी असू शकतं, हे मला तिथे कळलं. पुढे त्याचा उपयोग मी कसा केला, ते सांगायला मात्र जरा वेळ लागणार आहे.

पिकअपच्या पुढच्या भागाची दोन घराणी आहेत. एका घराण्यात सलग अ‍ॅक्सल, त्याखाली किंवा वर पाटे, आणि दोन्ही टोकांना किंगपिन, ज्यांच्याभोवती चाक वळतं. २००५ साली आलेला ‘छोटा हत्ती’ या घराण्यातला. साडेसातशे किलो माल घेणारी ती गाडी गल्लीबोळात शिरली आणि तीनचाकी टेम्पोवाल्यांचे दिवस पालटले. दुसऱ्या घराण्यात प्रत्येक चाक स्वतंत्र. वर एक आर्म, खाली एक आर्म, मधे बॉल जॉइंट, आणि भार पेलायला कॉइल स्प्रिंग किंवा टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारी लांब सळई. पहिल्या घराण्याची गाडी धक्के देते, पण दुखणं लपवत नाही. दुसरीची चाल मऊ असते आणि तिची दुखणी आतल्या आत वाढतात.

किंगपिनचं काम म्हणजे माझ्या मते या धंद्यातलं सगळ्यात नाजूक काम. जुना बुश ठोकून काढायचा, नवा दाबून बसवायचा आणि मग रीमर फिरवायचा. पिन अंगठ्याच्या जोराने आत गेली पाहिजे, पण आपोआप घसरता कामा नये. ‘थाऊ’ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. एक-दोन थाऊची मोकळीक हवीच, तेवढ्यात ग्रीस राहतं. त्याहून कमी ठेवली तर वळणानंतर हँडल परत येत नाही, ड्रायव्हरचे खांदे भरून येतात. जास्त ठेवली तर चाक डुलायला लागतं. या मोकळिकीला आमच्याकडे ‘प्ले’ म्हणतात. कुठल्याही गाडीत प्ले असतोच. प्रश्न एवढाच, की किती आणि कुठे.

तो शोधायची रीत सोपी आहे. चाक उचलायचं. एक हात वर, एक हात खाली धरून हलवायचं. हललं, तर पोराला ब्रेक दाबायला सांगायचं. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं, तर प्ले हबच्या बेअरिंगमध्ये. तरीही हललं, तर किंगपिन किंवा बॉल जॉइंट. मग हात डावी-उजवीकडे धरून हलवायचं. तिथे खटखट आली तर टायरॉडचे एंड तपासायचे. कुठला भाग गेलाय ते यावरून दहा मिनिटांत कळतं. तो कशामुळे गेला, ते टायर सांगतो.

मीटर मागे फिरवता येतं, टायरला मागे फिरवता येत नाही. टायरवरून आडवा हात फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट्या दिशेने करवतीसारखा लागला, तर टो बिघडलाय, दोन्ही चाकं सरळ न चालता एकमेकांकडे किंवा एकमेकांपासून दूर बघत पळतायत. एकच कड झिजली असेल तर चाक तिरकं उभं आहे. आर्म वाकला असेल, बुश बसला असेल किंवा पाटे. आणि टायरभर वाट्यांसारखे खड्डे पडले असतील, तर शॉकअप मेलाय. चाक रस्त्यावर चालत नाहीये, टप्पे खात चाललंय. म्हणूनच विकायच्या आधी पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे टाकतात. मी आता आधी मागच्या टायरवर हात फिरवतो.

अशा युक्त्या बऱ्याच आहेत, आणि त्या मला ठाऊक आहेत कारण त्या करून घ्यायला लोक आमच्याकडेच येतात. घट्ट ग्रीस ठासलं की आठवडाभर आवाज बंद होतो. हबचा नट गरजेपेक्षा जास्त आवळला की चाकाचा प्ले नाहीसा होतो. पुढे वीस-पंचवीस किलोमीटरवर बेअरिंग तापायला लागतं, पण तोवर व्यवहार झालेला असतो. खालून काळा रंग मारला की गळती, तडे, वेल्डिंगचे जोड सगळं एकसारखं दिसतं. मी स्वतः चेसीच्या खाली जितका चकचकीत रंग बघतो, तितका जास्त वेळ खाली पडून राहतो.

गाडी कुठल्या रस्त्यावर, कुठल्या मालाखाली वाढली, तेही पुढच्या भागावर लिहिलेलं असतं. नारायणगावच्या टोमॅटोच्या क्रेट वाहिलेल्या गाड्या लांबच्या पल्ल्याच्या असतात. मीटर भरपूर, पण किंगपिन बरेचदा ठीक. वाघोलीकडच्या खाणींतून आलेल्या गाडीच्या प्रत्येक रबरी बूटमध्ये खडीची भुकटी शिरलेली असते आणि ती ग्रीसमध्ये मिसळून पॉलिश पेपरसारखं काम करते. कोकणातून आलेल्या गाडीचे नट उघडत नाहीत. भोसरीत कास्टिंगचे जॉब वाहिलेल्या गाडीला मागे हमखास जादा पाटा टाकलेला असतो. जादा पाटा म्हणजे मालकाने स्वतःच दिलेला कबुलीजबाब. मागून गाडी ओव्हरलोड झाली की पुढचा भाग हलका होतो, हँडल हवेत असल्यासारखं वाटतं, आणि ब्रेक मारल्यावर सगळं ओझं एकदम पुढे येतं. पाटा मागे टाकला तरी मार पुढच्यालाही बसतो.

सगळ्यात फसवी गाडी म्हणजे पाण्याच्या जारची. टिंगरेनगर, धानोरी, कळस या पट्ट्यातल्या सोसायट्यांमधून फिरलेली. मीटर कमी, पत्रा चांगला, रोज घरी येणारी. घेणारा खूश होतो. पण तिने दिवसाला किती गतिरोधक ओलांडले ते मोजा. किती वेळा ती जागच्या जागी उभी राहून, भरल्या ओझ्याने, हँडल पूर्ण फिरवून गेटमधून वळली ते मोजा. उभ्या गाडीचं चाक वळवताना जॉइंटवर जो ताण येतो तो मीटरवर चढत नाही.

२०१५ मध्ये संगमवाडी ते विश्रांतवाडी बीआरटी सुरू झाली, रस्ता रुंद झाला आणि माझ्याकडे एक नवी तक्रार यायला लागली. “मिस्त्री, पन्नासच्या वर गेलं की हँडल नाचतं.” गाड्या त्याच होत्या. आधी त्या रस्त्यावर पन्नासला कोणी जाऊच शकत नव्हतं, म्हणून दुखणं झाकलेलं होतं. एका चाकाला खड्डा लागतो, झिजलेल्या पिनमुळे ते डुलतं, टायरॉडमधून तो झोका दुसऱ्या चाकाकडे जातो, आणि दोन्ही चाकं एकमेकांना झोके देत बसतात. गाडीला कापरं भरतं. सलग अ‍ॅक्सलच्या पिकअप अमेरिकेतही आहेत, आणि तिथले लोक याला ‘डेथ वॉबल’ म्हणतात. आमच्याकडे नाव इतकं भारी नाही. आमच्याकडे ड्रायव्हर म्हणतो, “पंचेचाळीसने चालवतो, चालेल.”

तर आता त्या ‘चालेल’कडे येतो.

टाळेबंदीनंतर माझ्याकडे तरुण पोरं फार यायला लागली. कुणाची हॉटेलातली नोकरी गेलेली, कुणाची कंपनीतली. बचत, आईचे दागिने, नातेवाइकांकडून उसने, असं काहीबाही जमवून जुनी पिकअप घ्यायची आणि भाजी नाहीतर भाडं मारायचं. २०२२चा मे महिना. दोन वर्षं माउलींच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या होत्या, आणि त्या वर्षी वारी पुन्हा पायी निघणार होती. सगळ्या दिंड्यांना सामानाच्या गाड्या हव्या होत्या. तंबू, भांडी, शेगड्या, शिधा वाहायला. जुन्या पिकअपचा भाव चढला होता.

एक एजंट होता. महिन्याला पाच-सहा गाड्या माझ्याकडे पाठवायचा. तो धानोरीकडच्या एका पोराला घेऊन आला. गाडी स्वतंत्र चाकांच्या घराण्यातली. पोराने मला ‘काका’ म्हटलं, कोपऱ्यात उभा राहिला, आणि मी काय करतोय ते मन लावून बघत राहिला. एजंट हळूच म्हणाला, “मिस्त्री, पार्टी दुपारी टोकन देणारे. जास्त उचकपाचक नको.”

आता इथे जरा तांत्रिक सांगतो, कारण माझी चूक तांत्रिक होती. त्या गाडीत स्प्रिंगचा सगळा जोर खालच्या आर्मवर येतो, म्हणून खालचा बॉल जॉइंट ओझं पेलतो आणि तोच आधी झिजतो. तो तपासायचा तर जॅक खालच्या आर्मखाली लावायचा. मग जॉइंट मोकळा होतो, चाकाखाली पहार घालून उचललं की प्ले हाताला लागतो. जॅक चेसीखाली लावला तर चाक हवेत लोंबकळतं खरं, पण स्प्रिंग आर्मला खाली दाबून धरते, जॉइंट ताणात राहतो, आणि असलेला प्ले दिसत नाही. 

हे मला त्या दिवशीही माहीत होतं. त्या दिवशी मी जॅक चेसीखाली लावला.

चाक वर-खाली धरून हलवलं. थोडंसं हललं. बूट फाटलेला दिसला. मी म्हणालो, “थोडा प्ले आहे. दोन-तीन महिन्यांनी काम काढा. आत्ता चालेल.” एकही शब्द खोटा नव्हता. दोन्ही जॉइंट आणि मजुरी धरून तीन-साडेतीन हजारांचं काम होतं. ते सांगितलं असतं तर पोराने एजंटाकडे तेवढे कमी करून मागितले असते, बस. व्यवहार मोडलाच असता असंही नाही. मला फक्त घासाघीस नको होती.

माउलींच्या पालखीचं प्रस्थान २१ जूनला होतं. आदल्या दिवशी दुपारी पोराचा फोन आला. दिंडीचं सामान भरायला तो आळंदीकडे निघाला होता, गाडी रिकामी होती, आणि दिघीत मॅगझीन चौकाच्या पुढे एका गतिरोधकावर पुढचं डावं चाक आडवं झालं होतं. बॉल जॉइंटचा गोळा वाटीतून निसटला होता. मी जॅक, दोर आणि हत्यारं घेऊन गेलो. गाडी गुडघा टेकलेल्या बैलासारखी रस्त्याच्या कडेला बसली होती. मडगार्ड टायरवर आलेलं, ब्रेकचा होज तुटलेला, डांबरावर ब्रेक ऑइलचा डाग. वेग पंधरा-वीसचा असेल. कुणाला काही झालं नव्हतं.

पोरगा चिडला असता तर बरं झालं असतं. तो शांतपणे म्हणाला, “काका, तुम्ही चाक हलवून बघितलं होतं ना?”

“बघितलं होतं,” मी म्हणालो.

“हो, मी होतो तिथेच,” तो म्हणाला. मला वाचवण्यासाठीच म्हणाला असावा. त्याला वाटत होतं की मिस्त्रीने तपासलं, तरी असं झालं, म्हणजे नशीब. मी त्याला ते नशीब नव्हतं असं सांगितलं नाही. त्या दिवशी तरी नाही.

काम मी फुकट केलं. आर्म वाकला होता, नाना पेठेत दोन दिवस फिरून मिळाला. तोवर दिंडीने दुसरी गाडी बघितली होती. २२ जूनला पालखी आळंदीहून पुण्याकडे निघाली. मी पहाटेच आळंदी रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. सामानाच्या गाड्या आधीच पुढे निघतात. अंधारात त्यांची पुढची चाकं बघत होतो. कुठलं तिरकं चालतंय, कुठलं डुलतंय. नंतर टाळ-मृदंग आला, रथ आला, लोकांनी हात जोडले. मीही जोडले. पण डोक्यात दिवे घाट होता. पुण्यानंतर पालखी सासवडला जाते ती त्या घाटातून. सगळा रस्ता माणसांनी भरलेला असतो आणि त्याच रस्त्यावर भरलेल्या गाड्याही असतात. तो जॉइंट आणखी चार दिवस टिकला असता तर तो तिथे, भरल्या गाडीखाली निसटला असता.

महिनाभराने पोरगा तेल बदलल्यावर सहज येऊन बसला तेव्हा मी त्याला जॅकचं सगळं सांगितलं. जमिनीवर खडूने आर्म, स्प्रिंग, जॉइंट काढून दाखवलं. तो बराच वेळ त्या चित्राकडे बघत होता. मग उठला, “येतो काका” म्हणाला आणि गेला. पुढचे चार महिने आला नाही. ते मी समजू शकत होतो.

त्यानंतर मी दोन गोष्टी बदलल्या. एक म्हणजे ‘थोडा’ हा शब्द टाकला. प्ले असेल तर किती ते सुताने किंवा मिलिमीटरने लिहितो, डावीकडचा वेगळा, उजवीकडचा वेगळा, जॅक कुठे लावला होता तेही लिहितो, आणि चिठ्ठी घेणाऱ्याच्या हातात देतो, आणणाऱ्याच्या नाही. दुसरं, पहार मी धरत नाही. चाक नीट उचलून देतो, पहार कुठे घालायची ते दाखवतो आणि घेणाऱ्याला म्हणतो, तुम्ही उचला. माझ्या हाताला अठ्ठावीस वर्षांची सवय आहे. आपल्याला हवं तेवढंच सांगायची सवयही त्यातच आली. नवख्या माणसाच्या हाताला ती नसते. त्याला जे लागतं ते लागतं.

त्या एजंटाने गाड्या पाठवणं बंद केलं. दोघा-तिघांनी आणखी केलं. वर्षभर कमाईला चांगलाच फटका बसला. मग हळूहळू घेणारे स्वतःहून यायला लागले, एजंटाला आग्रह करून. आता एजंट येतात, पण लांब उभे राहून फोनवर बोलत राहतात.

धानोरीचा पोरगा चार महिन्यांनी परत आला. हल्ली ज्येष्ठ लागला की वारीच्या आधी गाडी आणतोच. ग्रीस गन स्वतः घेतो, स्वतः जॅक लावतो, आर्मखाली, आणि निपलमधून निघणारं ग्रीस बोटावर घेऊन उजेडात धरतो. लाल दिसलं तर मला हाक मारतो.

यंदा तो आला होता तेव्हा शेजारी दुसरी एक गाडी खड्ड्यावर होती. बावीस-तेवीस वर्षांचा एक मुलगा, त्याचे वडील आणि एजंट. गाडी पाण्याच्या जारची, पांढरीशुभ्र, मीटर कमी. वडिलांनी मला विचारलं, “मिस्त्री, चालेल ना?” मी उत्तर द्यायच्या आत धानोरीच्या पोराने पहार उचलून त्या मुलाच्या हातात दिली आणि म्हणाला, “खाली घाल. हळू उचल. कान दे.”

मुलाने उचललं. खालून बारीक ‘टक’ असा आवाज आला. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. पहार खाली सोडली, परत उचलली. परत ‘टक’. मग उठून कपाळाचा घाम पुसत एजंटाकडे गेला आणि म्हणाला, “हे काम कोण करून देणार, ते आधी ठरवू.”